कॅलेंडरवर ‘का’ चारच वेळा होता

२०१७ च्या जानेवारीत तिसरी पाळी करून सकाळी भोसरीच्या खोलीवर आलो, बूटसुद्धा न काढता मुलीच्या वहीतलं पान फाडलं आणि त्यावर राजीनामा लिहिला. चारच ओळी होत्या. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी तेरा वर्षं क्वालिटी विभागात होतो. गडहिंग्लजला आयटीआय करून २००४ साली रात्रीच्या गाडीनं पुण्याला आलो, तो तिथलाच झालो होतो. आता सगळं सोडून गावी, चंदगडला जायचं आणि चुलतभावासारखा काजूचा कारखाना टाकायचा, असं त्या सकाळी मी पक्कं ठरवलं होतं.

तो कागद मी कुणाला दिला नाही. नोकरी सोडली ती पुढं सव्वा वर्षानं, आणि काजूचा कारखानाही टाकला नाही. या सव्वा वर्षात जे कळलं ते लिहून ठेवतो आहे. गणपतीला गावी आलेली पुण्या-मुंबईची पोरं दरवर्षी विचारतात, नोकरी सोडावी की राहावं, म्हणून.

१. पाळी करून आलेल्या माणसानं राजीनामा लिहू नये

त्या दिवशी मी दुपारी दोनला उठलो, आमटी-भात खाल्ला आणि कागद पुन्हा वाचला. अक्षर माझं होतं, पण लिहिणारा माणूस मला ओळखीचा वाटेना. झोप झाल्यावर रागातला निम्मा भाग गेला होता. उरलेला निम्मा खरा होता आणि त्याचाच विचार करायला हवा होता. आमच्याकडं रोपलावणीच्या दिवसांत पावसात कमरेत वाकून थकलेला प्रत्येक माणूस म्हणतो की पुढच्या वर्षी शेत करायचं नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये तोच तरवा टाकत असतो.

२. त्रास नेमका कशाचा आहे, ते लिहून काढावं

बायको म्हणाली, “अहो, नोकरी सोडा नाहीतर राहू द्या. पण रोज रात्री ती कंपनी घरात आणू नका. तुम्हाला काय टोचतंय, ते तरी एकदा नीट सांगा.” मला सांगता येईना. “सगळंच,” असं म्हणालो.

सगळंच, हे उत्तर नव्हे. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. त्यावर दूधवाल्याचे खाडे आम्ही लिहायचोच. त्याच चौकटीत मी दिवसाला एक अक्षर लिहायला सुरुवात केली. वाईट गेलेल्या दिवशी तो कशामुळं वाईट गेला, तेवढंच. साहेबामुळं गेला तर ‘सा’. पाळीमुळं, जागरणामुळं गेला तर ‘पा’. भाडं, पैसा, शाळेची फी यांमुळं गेला तर ‘भा’. गावाकडच्या ओढीनं, आईच्या दुखण्याच्या फोननं गेला तर ‘गा’. आणि खुद्द कामामुळं, म्हणजे हातातल्या कामाचाच कंटाळा आला म्हणून गेला तर ‘का’. चांगला गेलेला दिवस कोरा सोडायचा.

फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा असे अडीच महिने लिहिलं. मग एका रविवारी आम्ही दोघांनी मोजलं. ‘पा’ एकोणीस वेळा, ‘सा’ चौदा वेळा, ‘गा’ अकरा वेळा, ‘भा’ नऊ वेळा. ‘का’ फक्त चार वेळा होता.

ती चार अक्षरं बघून मी गप्प झालो. कारण तेरा वर्षं मी माझ्या कामालाच शिव्या देत होतो.

माझं काम काय, ते सांगतो. ओतकामातून आलेल्या सुट्या भागाला मशीनवर भोक पाडतात, आणि ते मापात आहे की नाही हे मी बघतो. त्यासाठी प्लग गेज नावाचा पोलादी दांडा असतो. त्याचं ‘गो’ टोक भोकात अलगद उतरलं पाहिजे आणि ‘नो-गो’ टोक अजिबात उतरता कामा नये. दोन्ही टोकांच्या जाडीत फरक असतो तो वीस-पंचवीस मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या एक तृतीयांश फरकावर माल पास की नापास ठरतो. पहिल्या वर्षी गेज नुसता आत ढकलायचो. पाच-सहा वर्षांनी मनगटालाच कळायला लागलं. गेज उतरताना जी हवा दबते, तेलाचा जो थर सरकतो, त्यावरून मशीनचं हत्यार झिजायला लागलंय हे माल नापास व्हायच्या आधीच समजायचं. ऑपरेटरला हाक मारून सांगायचो, तो हत्यार बदलायचा आणि पुढचा सगळा माल वाचायचा. त्या दिवशीची चौकट कोरी असायची.

आणि ‘सा’ कुठून आले, तेही सांगतो. चारशे नगांचा एक लॉट मी अडवून ठेवला होता, लाल चिठ्ठी लावून. वरच्या साहेबानं माल पाठवायची घाई म्हणून चिठ्ठी काढायला लावली. तीन आठवड्यांनी ग्राहकाची तक्रार आली तेव्हा उत्तर मात्र माझ्याकडं मागितलं गेलं. मला राग होता तो या गोष्टीचा. माझ्या मनगटाला जे कळतं त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, याचा. त्या रागाचं नाव मी ‘नोकरीचा कंटाळा’ असं ठेवून बसलो होतो.

३. ज्यांना निवडच नव्हती, त्यांना विचारावं

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या भागांतली हजारो माणसं तेव्हा गिरणगावात होती. एकेका गावाची खोली असायची, पाळीपाळीनं वीस-पंचवीस जण तिथं झोपायचे. एक उठला की त्याच्याच जागेवर दुसरा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बाबांनी वर्षभर वाट पाहिली आणि पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले. त्या संपाची रीतसर अखेर कधी झालीच नाही. त्यांच्यापुढं ‘बदलू की राहू’ असा प्रश्नच नव्हता. गिरणीनं दार लावलं, त्यांनी नांगर धरला.

त्यांना मी फोनवर विचारलं, “बाबा, तुम्हाला शेतीत समाधान मिळालं का?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोट भरलं बाळा. पण पहिली दोन वर्षं रात्री साच्याचा आवाज येईना म्हणून झोप लागायची नाही.”

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. लहानपणी बाबांबरोबर बेळगावच्या बाजारात जायचो. दुकानदार धोतरपान पुढं टाकायचा आणि बाबा त्याचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच चोळायचे. डोळे मिटून. मग सांगायचे, सूत बरं आहे, पण विणताना ठोक कमी पडलीय. दुकानदार त्यांच्याकडं बघत राहायचा. गिरणी सुटून पंधरा वर्षं झाली होती, तरी ती दोन बोटं कामगाराचीच होती.

माझ्या मनगटाचं काय करायचं, हा विचार मला त्या दिवसापासून सोडेना.

४. दुसरं काम लांबून बघू नये, एक हंगाम करून बघावं

सगळ्यांत महत्त्वाचा धडा हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चुलतभावाचा काजूचा लहान कारखाना आहे. मी सुट्टीला यायचो तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून बसलेला दिसायचा. ना पाळी, ना साहेब. मला वाटायचं, हेच सुख. एप्रिलच्या मध्यात मी दीड महिन्याची बिनपगारी रजा टाकली आणि त्याला म्हणालो, “दादा, मला गडी म्हणून ठेव.”

मार्च ते मे हा काजूचा हंगाम. आमच्या तालुक्यात डोंगरउतारावर काजू आहे, गावठी झाडं आहेत आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची कलमंही आहेत. पहाटे बाया-पोरं झाडाखाली पडलेली बोंडं गोळा करतात, बी पिळून वेगळी करतात आणि दुपारपर्यंत पिशव्या घेऊन दारात येतात. बी खळ्यावर दोन-तीन दिवस वाळवायची, बॉयलरच्या वाफेवर शिजवायची, रात्रभर निवू द्यायची आणि मग कटरवर एकेक फोडायची. एका हातानं बी पात्यांत धरायची, दुसऱ्या हातानं दांडा दाबायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. पहिल्या दिवशी मी हातमोजे न घालता बसलो. चुलती ओरडली, “काय करूलास? हात खोबरेलात बुडीव आधी!” संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं काळी पडली, आठवड्यानं कातडी सोलून निघाली. तिथल्या बाया दिवसभर हेच काम करतात. त्यांच्या हातांकडं बघितल्यावर काजू खाताना आता माझा हात जरा थांबतो.

पण मला हादरवलं ते हातांनी नाही, हिशोबानं. बी मिळते तीन महिने, कारखाना चालवायचा वर्षभर. म्हणजे वर्षाचा माल हंगामातच उचलून ठेवायचा, बँकेच्या पैशावर. समजा दहा टन बी घेतली, किलोला १२० रुपये धरा, तर बारा लाख रुपये गोदामात पडून. त्यावर सहा महिन्यांचं व्याज अकरा टक्क्यांनी सहासष्ट हजार. चार किलो बियांतून एक किलोच्या आसपास गर निघतो. दिवाळीच्या तोंडावर गराला भाव मिळाला तर ठीक. पण आपल्या देशात कारखान्यांना लागणारी निम्म्याहून जास्त बी आफ्रिकेतून येते. तिकडं पीक उदंड आलं की इथल्या बियांचा भाव किलोला दहा रुपयांनी खाली येतो, आणि तुमच्या गोदामातले एक लाख रुपये रात्रीत जातात. अंगणात खुर्ची टाकून बसलेला माझा भाऊ निवांत बसलेला नव्हता. तो फोनवर भाव बघत होता. रात्री दोनला गोदामात जाऊन बियांत हात खुपसून दमटपणा बघायचा. मला तिसऱ्या पाळीचं दुःख होतं. त्याची पाळी चोवीस तासांची होती, आणि ती त्याला मनापासून आवडत होती. भाव वर गेला की त्याचा चेहरा उजळायचा. माझ्या पोटात मात्र तो वर गेला काय नि खाली गेला काय, गोळाच यायचा.

आणि तिथंच मला माझं उत्तर सापडलं. तिसऱ्या आठवड्यात दादानं मला प्रतवारीच्या टेबलावर बसवलं. सोललेला गर आकारानं आणि रंगानं वेगळा करायचा. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला तीनशे ते तीनशेवीस दाणे. डब्ल्यू-२४० म्हणजे दोनशेवीस ते दोनशेचाळीस, तो जास्त मोठा आणि महाग. पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, करपलेला वेगळा. सकाळी नऊला बसलो. जेवणाची हाक आली तेव्हा दीड वाजला होता आणि मला कळलंही नव्हतं. चुलतीनं माझ्या ढिगातले मूठभर दाणे उचलून वजनाला लावले, मोजले आणि म्हणाली, “ह्यात चूक न्हाई रे एकपण.”

साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून, पगार बुडवून, मी येऊन बसलो होतो ते तपासणीच्याच टेबलावर. काम तेच होतं, फक्त दाणा बदलला होता. मला काम बदलायचं नव्हतं. त्याची जागा बदलायची होती, वेळ बदलायची होती आणि ज्यांच्या हाताखाली करायचं ती माणसं बदलायची होती.

ते दीड महिने मी केले नसते, तर बारा लाखांचं कर्ज काढून हे शिकलो असतो.

५. पगाराची तुलना करू नये, महिनाअखेरीची करावी

चाकणला हातात अडतीस हजार यायचे. गावाजवळ तपासणीच्याच कामात सव्वीस मिळतील असं दिसत होतं. नुसतं ऐकलं तर बारा हजारांचा खड्डा. आम्ही दोघांनी वहीत मांडलं. भोसरीचं भाडं नऊ हजार. वर्षातून पाच वेळा सगळ्यांचं गावाला जाणं-येणं. तांदूळ, नाचणा, गूळ घरचा. खड्डा दीड-दोन हजारांवर आला. माझ्यावर घराचं कर्ज नव्हतं, हे मात्र मोकळेपणानं सांगतो. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर असता तर मी कदाचित तिथंच राहून दुसरा विभाग मागितला असता, आणि तेही चूक ठरलं नसतं.

नोकरी सोडताना आणखी दोन गोष्टी पोरांना माहीत नसतात. कायम कामगाराची सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी लागू होते. मी नोकरी सोडली तेव्हाचा हिशोब असा: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, ती भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले सेवेची वर्षं. अठरा हजार धरले तर चौदा वर्षांचे सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार होतात. साडेचार वर्षांवर रागानं उठून जाणाऱ्यानं हे आधी वाचावं. दुसरी गोष्ट भविष्य निर्वाह निधीची. नोकरी बदलली की तो काढून खाऊ नये, नव्या ठिकाणी वळवून घ्यावा. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते, आणि पैसे काढले की ती मोजणी तुटते. माझ्याबरोबरच्या दोघांनी निधी काढून मोटारसायकली घेतल्या. त्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

६. काम तेच असलं तरी करण्याची रीत आपली असू शकते

आमच्या तालुक्यात ढोलगरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या मामासाहेब लाड विद्यालयाला लोक सापांची शाळा म्हणतात. बाबुराव टक्केकर यांनी तिथं मुलांना सापांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. नागपंचमीला लोक मातीच्या नागाला दूध वाहत असताना या शाळेत जिवंत सापांचं प्रदर्शन भरायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे विषारी. धामण, दिवड, नानेटी बिनविषारी. कोणता साप शेतातले उंदीर खातो, चावला तर मांत्रिकाकडं न जाता दवाखाना कसा गाठायचा, हे तिथं सांगायचे. मी सातवीत असताना ते बघायला गेलो होतो. माझ्यापेक्षा लहान मुलगी धामण हातात धरून माहिती सांगत होती, आणि धोतर नेसलेले म्हातारे तोंडात बोट घालून ऐकत होते.

टक्केकरांचा पेशा शिक्षकाचाच होता. राज्यभरच्या शिक्षकांना असतं तसंच पुस्तक, तसाच फळा, तसेच तास. भातशेतीच्या आणि जंगलाच्या या मुलखात साप पायाखाली असतो, म्हणून शाळेनं तो शिकवला पाहिजे, हे त्यांना दिसलं. नोकरी बदलावी की नाही या विचारात असलेल्या माणसानं स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझ्या कामात, माझ्या आवाक्यात असूनही मी अजून हात न लावलेलं असं काही आहे का? मी हे विचारायला तेरा वर्षं लावली. रजेवरून परत गेल्यावर मी नव्या पोरांना गेज धरायला शिकवू लागलो, दर शनिवारी अर्धा तास, कुणी सांगितलं नसताना. शेवटच्या दहा महिन्यांत कॅलेंडरवरच्या कोऱ्या चौकटी वाढल्या. साहेब तोच होता.

७. ज्याच्या कॅलेंडरवर ‘का’ भरला आहे, त्यानं थांबू नये

माझं उत्तर सगळ्यांचं नाही. माझ्या एका सोबत्यानं माझं बघून कॅलेंडर लिहिलं. तो सीएनसी मशीनवर होता. त्याच्या एका महिन्यात ‘का’ सतरा वेळा आला. पगार चांगला, पाळी दिवसाची, साहेब समजूतदार. पण त्याला माणसं लागायची, बोलायला, हसायला. आठ तास मशीनच्या काचेसमोर उभा राहून तो आतून सुकत चालला होता. तो आज बी-बियाण्यांच्या फिरतीच्या नोकरीत कोवाड, नेसरी, अडकूर असा गावोगाव फिरतो, बांधावर बसून शेतकऱ्यांशी बोलतो. पहिलं वर्ष त्याला फार ओढगस्तीचं गेलं. तरीही त्याला मी ‘थांब’ म्हणालो असतो, तर ते पाप झालं असतं.

८. बदल अर्धाही करता येतो

एप्रिल २०१८ मध्ये मी राजीनामा दिला. या वेळी दुपारी लिहिला, जेवल्यावर. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत, बेळगावच्या अगदी सीमेवर, एका लहान मशीन शॉपमध्ये तपासनीस म्हणून लागलो. बेळगावच्या फाउंड्र्यांतून ओतीव भाग येतात, आमच्याकडं त्यांवर काम होतं. चाळीस कामगार, एकच पाळी. मुलाखतीत मी मालकांना एकच गोष्ट विचारली होती: मी अडवलेला माल सोडायचा झाला तर चिठ्ठी कोण काढणार? ते म्हणाले, “तुम्हीच. नाहीतर मी सही करून.” आजवर त्यांनी तीनदा सही केली आहे आणि तिन्ही वेळा स्वतः ग्राहकाला फोन करून सांगितलं आहे.

सगळं गोड झालं असं नाही. मुलीला पुण्याची शाळा सुटल्याचं दुःख बरीच वर्षं होतं, आणि ते मी भरून काढू शकलो नाही. बायकोचं शिवणकामाचं गिऱ्हाईक भोसरीतच राहिलं, तिला पाटणे फाट्यावर पुन्हा शून्यातून उभं राहावं लागलं. बदलाची किंमत निम्म्याहून जास्त तिनं भरली, हे इथं लिहिलंच पाहिजे. आई मात्र शेवटची तीन वर्षं माझ्या हातचं पाणी पिऊन गेली.

पुण्या-मुंबईत असलेल्या चंदगडच्या पोरांना माझी कळकळीची विनंती आहे. राजीनामा खिशात घेऊन फिरत असाल तर तो तसाच ठेवा, कॅलेंडरवर अडीच महिने अक्षरं लिहा आणि मोजा. आणि गावच्या कोणत्या धंद्याचं मनात असेल, काजू, ऊस, दूध, काहीही, तर येत्या उन्हाळ्यात रजा टाकून या. कामाला माणसं कमीच पडतात. काजूवर बसणार असाल तर हातमोजे आणि खोबरेल बरोबर आणा.